पट्टी निघाल्याशिवाय माल नाही

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मास्तरांनी माझ्या मोबाइलचं कव्हर भाजलं.

भाजलं म्हणजे खरोखर भाजलं. मी हात धुवायला मागच्या नळावर गेले होते. परत येऊन बघते तर टेबलावर मोबाइल उघडाबोडका पडलेला. "माझं कव्हर?" मी विचारलं. मास्तर वहाणा काढून, मांडी घालून खुर्चीवर बसले होते. म्हणाले, "भट्टीत हाय. चार दिवसांनं भेटंन." गुलाबी सिलिकॉनचं कव्हर होतं, वर सशाचे कान. बहिणीने वाढदिवसाला दिलेलं. असं कोणी करतं का हो? ओळख नाही पाळख नाही आणि दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा, तोही विस्तवाचा!

मिळालं ते पिवळं पडलेलं, आणि मास्तरांनी माझ्यासमोर दुमडताच पापडासारखं तुटलं. दोन्ही तुकडे माझ्या तळहातावर ठेवून ते इतके खूश दिसत होते, जणू मला पेढाच दिला. "देख बेटा, याच्यात आपली लाल पूड नाई. म्हनून मेलं." त्या दिवशी मी खोलीवर जाऊन आईला फोनवर सांगितलं की हा माणूस वेडा आहे आणि मी महिनाभरात नागभीडला परत येते. आई म्हणाली, पगार घेऊन ये.

मास्तर पूर्वी खरोखरच मास्तर होते, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. ते सोडून त्यांनी चंद्रपूरच्या एमआयडीसीत पत्र्याची एक शेड घेतली आणि सिलिकॉनचा माल करायला लागले. बस-ट्रकच्या इंजिनात तापलेली हवा नेणारे पाइप आणि बेकरीच्या भट्टीच्या दाराला लागणारी गॅस्केटं, असा दोनच तऱ्हेचा माल. घराणं पिढीजात व्यापारी, भावांची बाजारात हार्डवेअरची दुकानं. भाऊ म्हणायचे, हा आमच्यातला शिकलेला, म्हणून वाया गेला. मास्तरांची दहाही बोटं कायम तांबडी असायची. शुक्रवारी नमाजाला जाताना ते साबण लावून घासघासून हात धुवायचे, तरी परत येताना पांढऱ्या टोपीच्या कडेला बोटांचे लाल ठसे उमटलेलेच.

ही लाल पूड म्हणजे त्यांच्या आयुष्याचा ध्यास. लोखंडाचा गंज असतो ना, त्याच जातीची, पण शुद्ध आणि मैद्याहून बारीक. सिलिकॉन तसं उष्णतेला चिवट असतं, पण फार तापलं आणि तापतच राहिलं की हवा त्याला आतून खायला लागते. मऊ असलेलं कडक होतं, कडक झालेलं तडकतं. ही पूड थोडीशीच मिसळली की तो नाश लांबतो. पांढऱ्या मालासाठी सेरियमची एक फिकट पूड असते, ती महाग. आमच्याकडे तिची एक छोटी बाटली होती, तिच्याशी मास्तर सुनेशी बोलावं तसं अदबीने वागायचे. लाल पूड मात्र घरची लेक.

"थांबवते का मास्तर, ही पूड?" मी एकदा विचारलं.

"थांबवनारे आपन कोन? आपन निस्ती तारीख पुढं ढकलतो," ते म्हणाले. "पन आच कोनाची सगी नसते बेटा. तिले ना वशिला चालत, ना हातापाया पडनं."

हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं याची गणतीच नाही. गिऱ्हाइकालाही ऐकवायचे. एकदा एक ट्रकमालक आला, त्याला निळे पाइप हवे होते. गाडी निळी, म्हणून पाइप निळे. मास्तरांनी त्याला पाणी दिलं, चहा मागवला, मग म्हणाले, "निया पायजे तर गोल बाजारात जा, साडीच्या दुकानात. इथी लालच भेटंन." बिचारा चहा अर्धा टाकून गेला. मी कपाळाला हात लावला.

पण खरी कमाल केली ती राजुऱ्याला, माझ्या मावसबहिणीच्या लग्नात. मी भिडेखातर पत्रिका दिली होती, वाटलं नव्हतं येतील. आले. अक्षता टाकल्या, नवरदेवाच्या हातात पाकीट दिलं आणि मग कुठे दिसेनात. थोड्या वेळाने मांडवामागून आरडाओरडा ऐकू आला. जाऊन बघते तर मास्तरांनी आचाऱ्याला शेगडी बंद करायला लावलेली, डेगेएवढ्या कुकरचं झाकण उघडलेलं, आणि त्याची रिंग डोळ्यांपुढे धरून ते वाकवून बघताहेत. आचारी झारा घेऊन उभा. मावसा माझ्याकडे असा बघत होता की मी जमिनीत गेले असते तर बरं. "रिंग संपली हाय," मास्तर शांतपणे म्हणाले, "या बाप्याच्या तोंडावर वाफ उडाली असती." जावयाकडची मंडळी तासभर भाताची वाट बघत बसली. मावशीच्या घरी आजही मला त्यावरून बोलणी बसतात. रिंग मात्र संपलेली होती, हे आचाऱ्याने नंतर कबूल केलं, पण पंगत खोळंबल्यावर कबुलीला कोण विचारतो?

कारखान्यात त्यांचा एकच कायदा होता. प्रत्येक बॅचमधून एक पट्टी कापायची, ती चाचणीच्या भट्टीत टांगायची. इंजिनात महिनोन्‌महिने सोसावं लागतं ते तिला तिथे थोड्या दिवसांत सोसायला लावायचं. बाहेर काढून दुमडायची. तडकली नाही तरच माल द्यायचा. "पट्टी निघाल्याशिवाय माल नाही" असं त्यांनी दारावर स्वतःच्या हाताने, अर्थात लाल रंगात, लिहून ठेवलं होतं. गिऱ्हाइकं शिव्या द्यायची, रडायची, दुसरीकडे जायची. मास्तर भट्टीकडे बोट दाखवायचे.

शेडमध्ये आम्ही तिघंच. मास्तर पूड मिसळायचे, मी चाचणी बघायची आणि प्रेसवर कामाला एक बाई, तिला मी मावशी म्हणायची. मावशी झाडीपट्टीतली, धानाच्या गावची, नवरा गेल्यावर शहरात आलेली. बाई म्हणजे सोनं. शेडमध्ये सापडलेली सेफ्टीपिनसुद्धा "ही कोनाची?" म्हणून सगळ्यांना विचारल्याशिवाय ठेवायची नाही. मास्तरांचा तिला विलक्षण अभिमान. भाजीवालीला, रिक्षावाल्याला, जो भेटेल त्याला सांगायची, "आमचे मास्तर लाखाचा माल अडवतीन, पन कच्चा देनार नाई." मास्तरांचं कौतुक ऐकायचं असेल तर मावशीकडून ऐकावं.

त्या वर्षी दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू झाल्या आणि एक बसमालक आमच्याकडे येऊन बसला. त्याच्या बसचा गरम हवेचा पाइप फाटला होता, आणि पुढच्या दिवसांत एकामागून एक सहली लागलेल्या. पाइप तयार होता, पट्टी भट्टीत होती. मास्तरांनी बोट दाखवलं. तो हलेना. दुसऱ्या दिवशीही आला. म्हणाला, "मास्तर, पोरं सहा महिन्यांपासून वाघ पाहाले टपून बसले हायेत. मी नाई म्हनलो तं शाळा दुसरी गाडी करंन, पन तवर पोरांची तारीख जाईन." पैशाचं बोलला असता तर मास्तर बधले नसते. पोरांचं बोलला. मास्तर बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवत बसले आणि मग मला म्हणाले, "दे पाइप त्याले."

मी गारच पडले. दारावरचा कायदा स्वतःच मोडताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते. "पूड तीच, हात तेच," ते पुटपुटले, "काय होते!"

काय होतं ते काही दिवसांनी सकाळी कळलं. मी भट्टी उघडली, त्या बॅचची पट्टी काढली आणि दुमडली. कट्‌ असा आवाज झाला. माझ्या गुलाबी सशासारखेच दोन तुकडे. मला वाटलं माझंच काही चुकलं. मी मास्तरांना हाक मारली. त्यांनी तुकडे घेतले, उजेडात धरले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला भीती वाटली. ते तडक पुडीच्या डब्याकडे गेले. चिमूट घेतली, बोटांत चोळली, थुंकी लावून चोळली, नाकाशी नेली.

"माती हाय," ते म्हणाले.

मावशी तेवढ्यात आपला जेवणाचा डबा ठेवून प्रेसकडे निघाली होती. मास्तरांनी आवाज अगदी सहज ठेवून विचारलं, "बाई, या डब्याले कोनी हात लावला होता का?"

"मीच लावला ना मास्तर," मावशी हसत म्हणाली. "दसऱ्याले मशीन पुजली तवा. उंबऱ्याले अन्‌ मशीनच्या पायाले सारवाले रंग पायजे होता, मंग घेतली वाटीभर. पन डबा उना नाई ठेवला हो! घरचा गेरू वस्त्रगाळ केला, दोनदा गाळला, अन्‌ भरून ठेवला. सनावाराले डबा उना ठेवू नाई, अन्‌ घेतलेलं तं द्याच लागते."

गेरू. भिंती सारवायची, तुळशीवृंदावनाला लावायची लाल माती. रंग तोच, जात वेगळी. तिच्यातली माती आणि क्षार उलट सिलिकॉनला तापल्यावर तोडायला मदत करतात. मी तोंड उघडणार तोच मास्तर म्हणाले, "बरं केलं बाई." आणि माझ्या मनगटाला धरून मला शेडबाहेर घेऊन गेले. दिवाळीपर्यंत जुन्याच डब्यातली पूड चालली होती. या डब्यातली ती पहिलीच बॅच, आणि तिचा एकच पाइप बाहेर गेलेला.

बसमालकाला फोन लावला. बस सकाळीच पोरं घेऊन मोहर्लीला वाघ बघायला निघाली होती. "संध्याकाळी येते ना मास्तर, मंग बदलून टाकू. इतके दिवस चालला, आज काय होते?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. पण तापलेल्या हवेत तेलाचा अंश असतो. पाइप फुटला तर तो सरळ लाल झालेल्या इंजिनावर उडतो, आणि मागे बसलेली असतात पोरं. ड्रायव्हरचा फोन लागेना. मास्तरांनी फळीवरचा एक जुना, पट्टी निघालेला पाइप काखोटीला मारला, मला स्कूटरवर बसवलं आणि निघाले. मी तोवर त्यांना सायकलवाल्याच्याही पुढे जाताना पाहिलेलं नव्हतं. त्या दिवशी कोळशाच्या गाड्यांच्या मधून त्यांनी स्कूटर अशी काढली की मी डोळे मिटून घेतले.

आगरझरीच्या अलीकडे जंगलात बस दिसली. मास्तर तिच्यापुढे जाऊन रस्त्यात स्कूटर आडवी घालून उभे राहिले. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. आतून पोरं किंचाळली, त्यांना वाटलं वाघ. ड्रायव्हर खाली उतरून "काऊन हो, मराचं हाय का?" म्हणेपर्यंत मास्तरांनी बॉनेट उचललं होतं. फडकं गुंडाळलेल्या हाताने पाइप धरला आणि खिशातल्या सुरीने कापला. आधी कापला, मग बोलले. मी अजून तो क्षण आठवला की हादरते. ऐन जंगलात, भर वाघाच्या मुलखात, पोरांनी भरलेली बस त्यांनी एका हातासरशी बंद पाडली होती.

"आता तरी 'संध्याकाळी पाहू' म्हनता येत नाई," ते ड्रायव्हरला म्हणाले.

ड्रायव्हरने त्यांची कॉलर धरली. सहलीबरोबरचे सर खाली उतरले, त्यांनीही ओरडायला सुरुवात केली. मास्तरांनी कापलेला पाइप उलटा करून त्यांच्यापुढे धरला. बाहेरून लालभडक, गुळगुळीत, नवाकोरा. आतून मात्र उन्हाळ्यात आटलेल्या बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, तळासारखा भेगाळलेला. मास्तरांनी अंगठ्याने दाबला तर एक खपली सरळ तुटून रस्त्यावर पडली. ओरडणं थांबलं. सरांनी वळून खिडकीतल्या पोरांकडे पाहिलं आणि ते रस्त्याच्या कडेला खालीच बसले.

ड्रायव्हरने कॉलर सोडली नव्हती. "मास्तर," तो म्हणाला, "सारं चंद्रपूर तुमच्या मालाची शपथ खाते. खरं सांगा, याच्यात पूड खाल्ली ना तुम्ही?"

मी पुढे झाले. गेरूचं सांगायला माझी जीभ वळली होती.

"हो," मास्तर म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ड्रायव्हरने पुन्हा विचारलं आणि मास्तर पुन्हा म्हणाले, "हो. कमी पडली. माझी चूक हाय." मग त्यांनी बाही वर केली आणि दुसरा पाइप बसवायला घेतला. त्यांनी तो धरून ठेवला. क्लिप मीच आवळली. बस गेली तेव्हा मागच्या काचेतून पोरं आम्हाला हात करत होती, आणि मी रस्त्यावरच मास्तरांवर बरसले. का? काय गरज होती? खोटं का बोललात?

"खोटं काय त्याच्यात? पट्टी निघाच्या आधी माल कोनं देल्ला? मी देल्ला. डबा तपासल्याबिगर पूड कोनं घातली? मी घातली."

"पण गेरू मावशीचा होता!"

"तिनं डबा उना नाई ठेवला, एवढंच ना?" ते म्हणाले. "तिले आता काय सांगू? का बाई, तुया इमानदारीनं पन्नास पोरं जळले असते? तिच्या घरी दोन नाती हायेत बेटा. ती पुन्हा झोपंन का?"

मला हे पटलं नाही. आजही पटत नाही. कळायचा हक्क तिलाही होता, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले. ते म्हणाले, "तुले पटो ना पटो. माया जिवंतपनी तिले सांगू नको." मग स्कूटर चालू होईना, ती मलाच ढकलावी लागली.

ड्रायव्हरचं तोंड, त्याला काय कुलूप असतं? आठ दिवसांत बाजारभर झालं की मास्तर पूड खातात. ज्यांना निळे पाइप मिळाले नव्हते, ज्यांना पट्टीसाठी ताटकळावं लागलं होतं, त्या सगळ्यांना आपापलं उट्टं काढायला मिळालं. "दारावर लिवते काय, अन्‌ करते काय!" मास्तरांचे भाऊसुद्धा येऊन चार शब्द सुनावून गेले. मास्तर फक्त ऐकून घ्यायचे. त्यातच त्यांनी पुडीच्या डब्याला एक कुलूप आणून लावलं. ते कुलूप कशासाठी हे मला ठाऊक होतं. मावशीला कसं ठाऊक असणार?

मावशीने आधी बाजारात भांडणं केली. भाजीवालीशी तर हातघाईवर आली. "मास्तर अन्‌ पूड खातीन? जीभ झडंन तुयी!" पण मग तिला तो ड्रायव्हरच भेटला आणि म्हणाला, मास्तरांनं सोताच्या तोंडानं कबूल केलं. ती तशीच शेडमध्ये आली. कुलपाकडे पाहिलं. मास्तरांसमोर उभी राहिली.

"मास्तर, तो म्हनते ते खरं हाय का?"

मी मास्तरांकडे पाहिलं. मनातल्या मनात अक्षरशः हात जोडले. बोला, आता तरी बोला.

"खरं हाय बाई."

मावशीचा चेहरा मला विसरता येत नाही. थोबाडीत बसल्यासारखी ती मागे सरली. "लेकराइच्या गाडीत?" ती म्हणाली. "लेकराइच्या गाडीत तुम्ही असं केलं? अन्‌ वरून कुलूप लावता? मी तुमच्यासाठी लोकाइशी भांडून राह्यली मास्तर! मी देवासारखं..." तिने ॲप्रन काढला, त्याची घडी घातली आणि तो टेबलावर ठेवला. "असल्या मानसाच्या हाताखाली मी काम नाई करत."

"बरोबर हाय तुमचं," मास्तर म्हणाले. 

ती जाताना माझ्याकडे वळली, मीही येईन म्हणून. मी खाली पाहिलं. ती गेल्यावर मी मास्तरांना जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. निर्दय म्हणाले, अहंकारी म्हणाले, कोण मोठे संत लागून गेलात म्हणाले. ते दिवसभर मावशीच्या प्रेसवर उभे राहून गॅस्केटं काढत राहिले. त्यांना ते काम धड येत नव्हतं, निम्मी वाया गेली.

पुढे एकदा मावशी मला गोल बाजारात भेटली. एका दुसऱ्या शेडमध्ये रबरी बुशांच्या प्रेसवर लागली होती. मला बाजूला घेऊन मायेने म्हणाली, "पोरी, तू अजून त्या चोराजवळच हायेस का? तुयं लगीन व्हाचं हाय. नाव खराब होते." त्या शब्दाने माझ्या अंगाचा भडका उडाला, आणि समोर मावशी होती, जिने जन्मात कोणाची सेफ्टीपिन ठेवून घेतली नाही. तिला काय बोलणार? "पाहते दुसरीकडे," मी म्हणाले आणि तिथून निघाले.

शेडवर जाऊन मी तो शब्द मास्तरांच्या अंगावर तसाच फेकला. मुद्दाम. त्यांना लागावं, त्यांनी चिडावं, एकदा तरी खरं ओरडून सांगावं म्हणून. "चोर म्हणते ती तुम्हाला. भर बाजारात चोर म्हणाली."

मास्तर चाळणीतून पूड गाळत होते. हात थांबले.

"कोनत्या शेडमंधी म्हनली तू?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "तिथी तं प्रेस हाताची हाय," ते म्हणाले. "तिचा उजवा खांदा वर होत नाई."

आणि माझ्यासमोर त्यांनी लाल बोटांनी मोबाइल काढून तिथल्या मालकाला फोन लावला. "एक बाई आली हाय तुमच्याकडं, नवी. तिले बसून कराचं काम द्या भाऊ. अशी इमानदार बाई जिल्ह्यात भेटनार नाई." मग आवाज एकदम खाली आणून ते म्हणाले, "अन्‌ मी फोन केल्लो म्हनून सांगू नका. नाईतर ती ते बी काम सोडून देईन."